डबा सगळ्यात शेवटी : गळणारा स्लॅब कमी खर्चात स्वतः दुरुस्त करताना

स्लॅब गळायला लागला की दोन सल्ले हमखास मिळतात. मिस्त्री वर येऊन, कमरेवर हात ठेवून सांगतो, "मालक, जुन्यावरच चार इंची कोबा टाकू, विषय संपला." शेजारचे म्हणतात, "कशाला एवढं? वॉटरप्रूफिंगचा डबा आणा आणि ब्रशनं दोन हात मारा." पहिल्यात घरावर विटा-सिमेंटच्या जाड थराचं, म्हणजे कोब्याचं, वजन चढतं आणि खिसा उतरतो. दुसऱ्यात डबा चांगलाच असतो, पण तो लागतो ओल्या, शेवाळलेल्या, चिरा तशाच ठेवलेल्या गच्चीवर, आणि पुढच्या आषाढात पापडासारखा सुटून हातात येतो.

ज्यांनी आजवर थापी धरलेली नाही, पैसे बेताचे आहेत आणि घर एक-दोन मजल्यांचं, आरसीसी स्लॅबचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. अशा घरात पाणी बहुतेक करून तीन जागांतून शिरतं: पावसाच्या पाइपाचं तोंड, कठडा आणि गच्ची मिळतात तो कोपरा, आणि कोब्यातल्या चिरा. या तीन जागांना लागतं सिमेंट, वाळू, थोडं पॉलिमर (सिमेंटात मिसळायचं चिकट द्रव) आणि भरपूर घासाघास. महागडा डबा त्यानंतरचा. अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्ची सामाईक असते, म्हणून हात लावण्याआधी सोसायटीचं लेखी पत्र घ्या.

काम कधी काढायचं

कोल्हापुरात या कामाचे दिवस म्हणजे फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल. मे महिन्यात वळवाचा भरवसा नाही. दुपारपर्यंत रणरणतं ऊन असतं, चारच्या सुमाराला ढग भरून येतात आणि सकाळी मारलेला हात पाइपातून खाली वाहून जातो. रोहिणी निघते २५ मेच्या आसपास, मृग ७-८ जूनला. सिमेंटचं काम पक्कं व्हायला आठवडा, ते सुकायला आणखी काही दिवस, मग कोटिंग आणि शेवटी पाणी भरून तपासणी. हे उलटं मोजत आलात तर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात छन्नी हातात हवी.

अडचण एकच. वाळवणाचे दिवसही हेच. कुरडया, सांडगे आणि वर्षाच्या चटणीची मिरची याच गच्चीवर पसरायची असते. आधी घरात बोलून घ्या, नाहीतर घासलेल्या गच्चीवर दुसऱ्या दिवशी मिरची दिसेल आणि काम पुढच्या आठवड्यावर जाईल.

हे तुमचं काम आहे का, ते खालून बघा

वर जाण्याआधी खोलीत उभं राहून छत नीट न्याहाळा. प्लास्टरचे पोपडे सुटलेत, पांढरा लोणा फुटलाय, पिवळे डाग आहेत, इथपर्यंत ठीक. पण काँक्रीटचे तुकडे पडून गंजलेल्या सळया दिसत असतील, स्लॅबला पोट आलं असेल किंवा बीमला सळईच्या रेषेत तडा गेला असेल, तर थांबा. त्या घराला आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. त्याची एका भेटीची फी वाचवायला जाऊ नका. चार इंची विटांच्या कोब्याचं वजन चौरस फुटाला अठरा-वीस किलो भरतं. पाचशे फुटांच्या गच्चीवर ते नऊ टनांच्या घरात जातं. गंजलेल्या सळयांवर ते लादायला सांगणाऱ्या मिस्त्रीला एवढा हिशेब ऐकवायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट, गळती खरंच पावसाची आहे का? मार्च महिन्यातही ओल वाढत असेल तर संशय टाकीवर, तिच्या ओव्हरफ्लोवर किंवा गच्चीवरच्या नळाच्या जोडावर घ्या. टाकी भरून मेन कॉक रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी पातळी बघा. टाकीचा वॉशर बदलून जे भागतं त्यासाठी गच्ची फोडू नका.

ठिबक पंख्याच्या हुकातून किंवा लाइटच्या बॉक्समधून येत असेल तर त्या खोलीचं एमसीबी आधी खाली पाडा. वायरिंगचे पाइप स्लॅबच्या पोटात असतात. पाणी दहा फूट लांब शिरलं तरी त्या पाइपातून चालत येऊन पंख्याजवळच टपकतं. म्हणूनच डागाच्या बरोबर वरची जागा फोडून काही सापडत नाही. डागाचं अंतर दोन भिंतींपासून मोजून कागदावर मांडा, तेच माप गच्चीवर घ्या आणि तिथून चढाच्या बाजूला शोधत जा. पाणी उतारानं येतं, त्यामुळे शिरायची जागा सहसा डागाच्या वरच्या अंगाला असते.

आतून वॉटरप्रूफ पुट्टी लावून छत झाकणं हा सगळ्यात वाया जाणारा खर्च. पाणी वरून येतच राहतं, फक्त दिसत नाही, आणि स्लॅबमध्ये मुरून सळया खातं.

घासणं आणि शोधणं

साहित्य साधं आहे: तारेचा ब्रश, खराटा, छन्नी, एक किलोचा हातोडा, थापी, दोन घमेली, खडू, जुनी पोती, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. तारेचा ब्रश ग्राइंडरला लावायचा मिळतो, कोल्हापूरच्या उद्यमनगरात सहज सापडेल. ग्राइंडर विकत घेऊ नका, एका दिवसासाठी भाड्यानं आणा.

आधी गच्ची रिकामी करा. जुन्या कुंड्या, विटांचे ढिगारे, "कधीतरी लागेल" म्हणून ठेवलेले पाइपांचे तुकडे सगळं उतरवा, कारण गळती हमखास त्यांच्याच खाली असते. शेवाळावर ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून ओता, अर्धा तास ठेवा, मग खराट्यानं घासून धुवा. ब्लीचिंगमध्ये ॲसिड किंवा संडास धुवायचं लिक्विड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. ओलं शेवाळ निसरडं असतं आणि जुन्या घरांचे कठडे गुडघ्याएवढे असतात, तेव्हा एकट्यानं वर जाऊ नका.

गच्ची धुऊन झाली की खाली जाऊ नका. या कामातला सगळ्यात कामाचा अर्धा तास आता सुरू होतो. ऊन लागेल तसा कोबा पांढरट होत जातो, पण चिरांमध्ये पाणी मुरलेलं असल्यानं त्या उशिरा सुकतात. सगळी गच्ची कोरडी दिसायला लागते आणि तिच्यावर काळ्या बारीक रेघा उरतात. एरवी नजरेला न पडणाऱ्या केसाएवढ्या चिराही तेव्हा दिसतात. खडू घेऊन प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांना खूण करा. जिथं पाणी साचून राहिलंय त्या डबक्याच्या कडेनं खडूची रेघ ओढा. कठड्याच्या मुळाशी कुठं ओली पट्टी उरते तेही बघा.

मग हातोड्याच्या दांड्यानं कोबा ठोकत फिरा. घट्ट कोबा टणटण वाजतो, सुटलेला भदभद. भदभद वाजणाऱ्या भागाखाली पाणी साठतं, तो भाग कापून काढावाच लागेल. एका हाताच्या पंजाएवढा असेल तर निभावतं. अख्ख्या गच्चीचा निम्मा भाग भदभदला तर हा लेख बाजूला ठेवून मिस्त्रीशी जुना कोबा काढण्याचं बोला. खर्च वाढेल, पण पोकळ कोब्यावर केलेली कुठलीही मलमपट्टी टिकत नाही.

तरीही शंका राहिली तर पाणी तुंबवून बघा. पाइपाचं तोंड पोत्याच्या बोळ्यानं बंद करा, गच्चीचे दोन-तीन भाग पाडून मातीची किंवा दुबळ्या सिमेंटची आळी घाला आणि एका वेळी एकाच भागात इंचभर पाणी चोवीस तास ठेवा. सुरुवात सगळ्यात उताराच्या भागापासून करा. एक इंच पाण्याचं वजन चौरस फुटाला जवळपास २.४ किलो होतं, म्हणजे पाचशे फुटांवर सुमारे बाराशे किलो. चांगल्या स्लॅबला ते जड नाही. पण वर सांगितलेली धोक्याची लक्षणं असतील तिथं हा प्रयोग करू नका.

पाइपाचं तोंड

पहिला हात इथं घाला. अख्ख्या गच्चीचं पाणी या चार इंचांतून जातं आणि पीव्हीसी पाइप व काँक्रीट यांच्यामध्ये फट पडतेच, कारण उन्हात दोघं सारखे फुगत नाहीत. पाइपाभोवतीचा सुटा माल छन्नीनं इंचभर रुंद आणि इंचभर खोल काढा. पाइपाचा बाहेरचा भाग पॉलिश पेपरनं घासून खरबरीत करा, गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरत नाही. मग तिथं नवा माल भरा, तो कसा कालवायचा ते पुढं सांगतो. भरताना तोंड आजूबाजूच्या कोब्यापेक्षा थोडं खाली राहील असं बघा. खूप ठिकाणी ते उलट वर आलेलं असतं आणि त्याच्याभोवती कायम डबकं साचतं. वर घुमटाच्या आकाराची जाळी बसवा. सपाट जाळी एका पिंपळपानानं बंद होते.

माल कसा कालवायचा

एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली वाळू. क्रश सँड चालते, पण तिच्यातली भुकटी जास्त असेल तर आधी चाळा. पाण्यात वॉटरप्रूफिंगचं पॉलिमर मिसळा. दुकानात एसबीआर लॅटेक्स किंवा ॲक्रिलिक पॉलिमर मागा, दुधासारखं पांढरं द्रव असतं. प्रमाण कंपनीगणिक बदलतं, म्हणून डब्यावरचंच पाळा. सिमेंटच्या पोत्यामागे दोनशे मिलि टाकायचं जे लिक्विड मिळतं ते नवीन प्लास्टरात मिसळायचं असतं. दुरुस्तीत जुन्याला नवं चिकटवण्याचं काम त्याच्यानं होत नाही. दुकानदार स्वस्त म्हणून ते पुढं करेल.

जुन्या कोब्यावर नवा माल नुसता थापला तर तो सुटणारच. जागा ब्रशनं स्वच्छ करा, पाण्यानं भिजवा, साचलेलं पाणी फडक्यानं टिपून घ्या. मग सिमेंट आणि पॉलिमरची पातळ स्लरी ब्रशनं चोळा आणि ती बोटाला चिकटत असतानाच माल भरा. स्लरी वाळली तर खरवडून पुन्हा लावा. उन्हात माल लवकर चढतो, त्यामुळे वीस-पंचवीस मिनिटांत संपेल एवढाच कालवा. घट्ट झालेल्या मालात पाणी घालून तो परत सैल करू नका.

साध्या सिमेंटच्या कामावर किमान सात दिवस पाणी मारा. ओली पोती पसरून ठेवली की दिवसातून दोन-तीनदा भिजवलं तरी पुरतं. पॉलिमरच्या मालाला किती दिवस ओलं ठेवायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, सहसा कमीच लागतं.

कठड्याचा वाटा

गच्ची आणि कठडा काटकोनात मिळतात, तिथं पाणी मुरतं. त्या कोपऱ्यात भरलेल्या गोलाईला मिस्त्री वाटा म्हणतात. तुमच्या गच्चीला वाटा नसेल, किंवा कठड्यापासून सुटून मध्ये नखभर फट पडली असेल, तर नवा घाला. जुना सुटा भाग काढा, कोपरा छन्नीनं खरबरीत करा, स्लरी चोळा आणि दोन इंच वर, दोन इंच आडवा असा माल भरा. थापीनं गोलाई नीट येत नाही. काचेची बाटली किंवा दीड-दोन इंची पाइपाचा तुकडा ओला करून ओल्या मालावरून फिरवा, कोपरा आपोआप गोल घोटला जातो. वीस बाय पंचवीसच्या गच्चीला नव्वद फूट वाटा येतो आणि त्याला सिमेंटचं अर्धं पोतंही लागत नाही. एवढ्या स्वस्तात एवढी गळती दुसऱ्या कुठल्या कामानं थांबत नाही, तरी लोक वाटा सोडून मधल्या सपाट भागावर डबे ओततात.

कठड्याचा माथाही बघा. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिमेचा आणि दक्षिणेचा कठडा बाहेरून भिजतो आणि माथ्यावरच्या चिरेतून पाणी आत उतरतं. खोलीत भिंत आणि छत मिळतात तिथंच ओल असेल तर संशयित हाच. माथ्यावरच्या चिरा भरा आणि ढाळ गच्चीच्या बाजूला ठेवा. बाहेरच्या प्लास्टरसाठी परांचीवर स्वतः चढू नका, तेवढ्यासाठी रंगारी लावा.

चिरा आणि डबकी

केसाएवढ्या चिरांना फोडायची गरज नाही, स्लरी ब्रशनं दोन दिशांनी चोळून जिरवा. नखाचं टोक जाईल अशा चिरा मात्र छन्नीनं व्ही आकारात उघडा, वर साधारण सेंटिमीटरभर रुंद आणि तेवढ्याच खोल. इथं नवशिके कंटाळतात आणि चिरेवर वरवर माल फासतात. तो पहिल्याच उन्हाळ्यात फाटतो. उघडलेल्या चिरेतली धूळ सायकलच्या पंपानं उडवा, मग भिजवून, स्लरी लावून माल दाबून भरा. भरलेली चीर पुन्हा त्याच जागी उघडत असेल तर ती उन्हाच्या ताणानं हलतेय. तिथं सिमेंट टिकणार नाही, लवचिक पीयू सीलंट लागतं. त्याची नळी महाग असते, म्हणून फक्त तशाच चिरेला वापरा.

डबक्यांच्या जागी खडूच्या रेघेच्या आत कडा थोड्या खणून घ्या आणि मग माल भरा. न खणता भरलात तर कडेला माल कागदाएवढा पातळ होतो आणि तिथूनच उचलतो. ढाळ आठ फुटाला इंचभर मिळाला तरी पाणी पळतं.

आता डबा

सिमेंटचं काम पक्कं झालं, सुकलं. खरंच सुकलं का ते पाहायला दीड फूट चौकोनी प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर आणखी थांबा. ओलीवर मारलेल्या कोटिंगला फुगे येतात.

घ्यायचं ते गच्चीसाठीचं ॲक्रिलिक कोटिंग, भिंतीचा एक्स्टिरिअर पेंट नव्हे. लिटरला किती चौरस फूट जातं ते डब्यावर असतं, पण तो आकडा गुळगुळीत पृष्ठभागाचा असतो. खडबडीत जुन्या कोब्याला पाव हिस्सा जास्त धरा. डब्यावर दोन हातांना लिटरला वीस फूट लिहिलं असेल तर पाचशे फुटांना हिशेबानं पंचवीस लिटर, प्रत्यक्षात तीस-एकतीस. कठडा फूटभर वरपर्यंत मारायचा असतो, तो यात धरायला विसरू नका.

पैसे कमी पडत असतील तर अख्ख्या गच्चीवर पातळ हात मारून पैसे पुरवू नका. वाटा, पाइपाचं तोंड, भरलेल्या चिरा आणि पश्चिमेच्या कठड्यालगतची दोन फूट पट्टी, एवढंच पूर्ण जाडीनं करा. मधला भाग पुढच्या वर्षी. डांबराचा शीट टॉर्चनं वितळवून चिकटवतात, तो नवशिक्यानं घरी करू नये. चुना आणि फेविकॉल कालवून मारल्यानं खोली थंड राहते, गळती थांबत नाही. पत्र्याचं शेड हा पक्का उपाय आहे, पण खर्च या सगळ्याच्या कित्येक पट, शिवाय महापालिकेची परवानगी लागते.

पहिला हात पाणी घालून पातळ करतात, तो प्रायमर. दुसऱ्या हाताच्या वेळी वाटा, चिरा आणि पाइपाभोवती फायबरची जाळी ओल्या कोटिंगवर बसवा, हातानं सुरकुत्या काढा आणि वरून लगेच कोटिंग फिरवा. जाळीचे धागे दिसता कामा नयेत. तिसरा हात आधीच्या हाताला काटकोनात. दोन हातांमध्ये डब्यावर सांगितलेले तास जाऊ द्या. काम सकाळी लवकर सुरू करून दहाच्या आत आवरा, कारण दुपारी तापलेल्या स्लॅबवर कोटिंग वरून वाळतं आणि खाली कच्चं राहतं. सुरुवात जिन्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून करा, म्हणजे स्वतःच कोपऱ्यात अडकणार नाही.

आठवडाभरानं पुन्हा पाणी तुंबवून चोवीस तास बघा. खाली ओल वाढली नाही तर काम झालं. छताचा रंग मात्र पावसाळा काढून, दिवाळीच्या सुमाराला. स्लॅबमध्ये मुरलेलं जुनं पाणी सुकायला महिने लागतात, त्याआधी मारलेलं डिस्टेंपर पोपड्यांसकट खाली येतं.

जुलैतच हा लेख हाती लागला असेल तर

तरण्या पावसात दुरुस्ती होत नाही. ओल्या गच्चीवर काहीही चिकटत नाही, "ओल्यावर चालतं" असं लिहिलेली पेस्टही फार तर चार सरी काढते. पाइपाचं तोंड मोकळं करा, तेवढ्यानंच अनेकदा निम्मी गळती कमी होते. मग जाड ताडपत्री आणा. ती फक्त डागाच्या वरच्या भागावर टाकू नका. चढाच्या बाजूच्या कठड्यावरून पलीकडे घेऊन, उताराकडे पाइपाच्या अलीकडे संपेल अशी अंथरा. कडेला वाळू भरलेली पोती ठेवा, विटांच्या कडांनी ताडपत्री फाटते. आत छताचं प्लास्टर फुगून लोंबत असेल तर त्याखालचा पलंग आणि मुलांचा अभ्यास दुसऱ्या खोलीत हलवा. आणि डाग कुठं, कुठल्या पावसात, किती वेळानं उमटतो ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. मार्चमध्ये शोधाशोधीचा अर्धा दिवस त्यातच वाचतो.